बैलांनी काढलेला प्रवेशोत्सव

आमच्या बैलांना मराठी वाचता येत नाही. एवढं सोडलं, तर झाल्या प्रकारात त्यांची काडीचीही चूक नव्हती. गाडीला ‘शाळा प्रवेशोत्सव’ असा हातभर फलक मी स्वतः लावला होता, तोही सुवाच्य अक्षरात. पण फलक गाडीच्या मागे होता आणि बैल पुढे!

केनवडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही दोनच शिक्षक, मुख्याध्यापक गावंडे सर आणि मी. मी गावचाच. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन गरम भाकरी खाणारा तालुक्यातला एकमेव सुखी शिक्षक! आणि नेमकं त्या सुखावरच गंडांतर आलं होतं. पहिलीत एक पोर कमी पडत होतं. पट भरला नाही, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरणार आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाणार. गावंडे सर निवृत्तीला टेकलेले. म्हणजे जाणारा कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

“सर, एकच पोट्टं कमी पडून राह्यलं,” गावंडे सर रोज म्हणायचे.

“पाहतो ना सर.”

“पाहता काय? तुमच्या घरातच तं हाये एक.”

मी लगेच खिचडीच्या तांदळाचा विषय काढायचो.

घरात एक होती हे खरं. पिहू, सहा वर्षांची. पण तिच्या आईनं, म्हणजे वैशालीनं, तिचं नाव रिसोडच्या कॉन्व्हेंटात घालायचं ठरवलं होतं. टाय आला होता, बूट आले होते, पिवळी व्हॅन ठरली होती. मी एकदा धीर करून म्हटलं, “अवं, माह्याच शाळेत टाकू ना तिले.”

“तिथं शिकवन कोन?”

“मीच तं शिकवीन!”

“म्हनूनच नाई टाकत,” वैशाली म्हणाली आणि कणीक मळायला लागली. (एवढा स्पष्ट गोपनीय अहवाल मला आजवर कोणी दिला नव्हता.)

तेवढ्यात वरून निरोप आला. पहिल्या दिवशी मोठे साहेब आमच्या शाळेच्या प्रवेशोत्सवाला येणार! पहिलीच्या मुलांची मिरवणूक काढायची, गुलाबाचं फूल द्यायचं, त्यांचं पहिलं पाऊल कुंकवाच्या पाण्यात बुडवून कागदावर उमटवायचं, हा शिरस्ता. गावंडे सर म्हणाले, ट्रॅक्टर लावू. मी म्हटलं, “सर, ट्रॅक्टर तं सारेच लावतात. आपन बैलगाडी काढू. गाडी अशी सजवतो, का न घालनाऱ्याले पोरगं घालावंसं वाटन!”

पेरणीचे दिवस. बाबांनी तोंड वाकडं करूनच बैल दिले. बांड्या आणि मोऱ्या. मग मी त्यांच्या साजाची पेटी उघडली. पोळ्याच्या झुली काढल्या, बाशिंगं काढली, घुंगरमाळा काढल्या, शिंगांना लाल बेगड लावली. बाबा ओट्यावर बसून पाहत होते.

“अरे, हे पोयाचा साज काहून चढवतं? हे फक्त पोयाले चढते. त्याईले वाटन, पोया आला.”

“बाबा, बैल हायेत ते! बैल काय कॅलेंडर पाह्यतात काय?”

“नाई पाहात. म्हनूनच तं सांगून राह्यलो.”

मी हसलो. डी.एड. झालेल्या माणसाला असल्या गोष्टींवर हसू येतं.

सकाळी गाडी निघाली. आत नटलेली पोरं, पुढे लेझीम, मागे गावंडे सरांच्या घोषणा, आणि कासरा हातात धरून, फेटा बांधून मी! झोकात निघालेली मिरवणूक जानरावकाकांच्या दारापर्यंत आली आणि थांबली. बैल उभे. दोघांनीही माना दाराकडे वळवल्या.

“हैक! हैक!” मी ओरडलो. शेपटीला हात लावला. मोऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वर्गात उशिरा आलोय.

काकू बाहेर आल्या. “माय वं! आज पोया हाय काय?”

“नाई हो काकू, प्रवेशोत्सव!”

“मंग हे बाशिंग कायले?”

गाडीमागून चालत आलेले बाबा शांतपणे म्हणाले, “पुरनपोई पाह्यजे त्याईले. त्याबिगर नाई हालत. पोयाले घरोघरी थांबाची सवय हाये.”

आता सकाळच्या प्रहरी पुरणपोळी कुठून आणायची? काकूंनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, भाकरीला गूळ लावून पुढे केली. बांड्यानं भाकरी हुंगली आणि मान वळवली! शेवटी मोऱ्यानं तडजोड केली, तेव्हा कुठे बांड्यानंही चार घास खाल्ले. गाडी हलली. आणि पुढच्या दारात परत उभी!

मग गावभर बातमी पसरली. “मास्तरचे बैल येऊन राह्यले, गूळ काढा वं!” बाया ताट घेऊन दारात उभ्या. लेझीमवाली पोरं थकून ओट्या-ओट्यांवर बसली. गावंडे सरांच्या घोषणा संपल्या, आवाजही संपला. तिकडे शाळेत साहेब गुलाबाची टोपली घेऊन एकटेच बसलेले. त्यांचा फोन आला, “सर, कुठवर पोचलात?”

“साहेब, पारापाशी. बैल नाश्ता करून राह्यले.”

साहेब शेवटी पायीच निघाले. आणि ते वळणावर यायला आणि सखूआजीनं माझ्या हातावर नोट ठेवायला एकच गाठ पडली! पोळ्याला बैल दारात आले, की धन्याला बोजारा द्यायची आमच्याकडे रीत. आजी रीतीची पक्की. “घे बापू, नाई म्हनू नोको!”

“सर,” साहेबांनी चष्मा वर केला, “प्रवेशासाठी पैसे घेता की काय तुम्ही?”

“नाही साहेब! हे… हे बैलांचे आहेत!”

असं उत्तर साहेबांनी त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच ऐकलं असावं.

शाळेच्या वाटेवर शेवटचं घर आमचं. पोळ्याला बैल फिरून घरी आले, की सण संपतो, जू उतरतं, हे बांड्याला पक्कं ठाऊक. आमच्या दारात येताच तो जुवासकट खाली बसला. गल्ली बंद. आणि मागे पिवळी व्हॅन! तिचा भोंगा सुरू झाला. दारात वैशाली, तिच्या बाजूला टाय लावलेली पिहू.

“अवो, उठवा ना त्याले! पोरीची व्हॅन आली!”

“उठत नाई ना वं!”

आमचं हे चाललं होतं, तोवर पिहूनं दप्तर खाली टाकलं आणि ती गाडीत जाऊन बसली. मैत्रिणींच्या मधोमध.

“पिहू! उतर खाली!”

“नाई उतरत. त्या व्हॅनले बैल हायेत काय?”

साहेबांनी विचारलं, “ही कुणाची?”

 मी तोंड उघडायच्या आत गावंडे सरांचा गेलेला आवाज नेमका परत आला. “सरांचीच हाये साहेब! पहिलीत!” आणि मागोमाग आलेल्या सखूआजीच्या ताटातलं कुंकू पाण्यात कालवून, बूट काढून, त्यांनी पिहूचं पाऊल कागदावर उमटवलंसुद्धा!

साहेब गहिवरले. “वा! शिक्षकानं स्वतःची मुलगी आपल्या शाळेत घालावी, याला म्हणतात निष्ठा!”

मी निष्ठावान चेहरा केला. मागे व्हॅन ठणाणा करत होती. सगळे वैशालीकडे पाहत होते. माझी गरम भाकरी आता तिच्या एका शब्दावर होती. तिनं गाडीत खिदळणाऱ्या पिहूकडे पाहिलं आणि पदर खोचला.

“घालतो साहेब. पन एक अट हाये. पहिली गावंडे सरांनी शिकवाची. यायनं नाई.”

“का बरं ताई?”

“ज्या मानसाले दोन बैल आवरत नाई, त्याच्या हाती मी लेक कशी देऊ?”

साहेब इतके हसले, की त्यांचा चष्मा पडला. बाबा त्यांच्याहून जास्त हसले. अट जागच्या जागी मंजूर झाली. व्हॅन उलटी फिरून निघून गेली, पट भरला आणि मी वाचलो.

बांड्या मात्र बसूनच होता. शेवटी वैशालीनं खरंच पुरण शिजवायला घातलं. दुपारी बैलांनी पुरणपोळी खाल्ली आणि निमूट उठले. साहेबांनी खाल्ली, गावंडे सरांनी खाल्ली, बाबांनी तुपात बुडवून खाल्ली. मी ताट घेऊन बसलो, तर वैशालीनं माझ्या ताटात सकाळची उरलेली गूळ-भाकरी वाढली.

मी मुकाट्यानं खाल्ली. हुंगून मान वळवायला बांड्याएवढी हिंमत लागते!