जबाब होईपर्यंत

जळालेली बाई दवाखान्यात आली की पहिलं काम जबाब, इंजेक्शन नंतर. हे वाक्य माझं आहे. आमच्या बायकांच्या संघटनेच्या पत्रकात ते जाड ठशात छापलं होतं. बाजाराच्या दिवशी शिरूरच्या एस.टी. स्टँडवर मी ते पत्रक बायांच्या हातात कोंबायची, वाचता येत नसेल तिला वाचून दाखवायची. कारण सरळ होतं. सासरचे बाईला पेटवतात, स्टोव्ह भडकला म्हणतात. दवाखाना तिला इंजेक्शन देतो. मरण्याआधी ती जे सांगते ते गुंगीत सांगितलं म्हणून कोर्टात उडतं. असं झालेलं मी पाहिलं होतं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझं कधी चुकत नसे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी कामासाठी दौंडला गेले होते. तहसील कचेरीच्या आवारात कुणीतरी म्हणालं, भांडगावची बाई भाजून सरकारी दवाखान्यात आणलीय. मी धावत गेले. ती माझी मामेबहीण निघाली.

मानेपासून गुडघ्यापर्यंत भाजली होती. चेहरा तेवढा शाबूत. मला ओळखून म्हणाली, "आलीस व्हय? आत्याला लगीच सांगू नगंस. ती जेवायची न्हाई."

डॉक्टर पोरगेलासा, नुकताच बदलून आलेला. त्यानं दुखणं थांबवायचं इंजेक्शन भरून हातात घेतलं होतं. मी त्याचा हात धरला. खरोखरच धरला.

"थांबा. आधी जबाब."

"मॅडम, त्यांना फार दुखतंय."

"केस उडाली तर कोर्टात तुम्ही उभे राहणार का?"

पोलीस केसला तो घाबरत होता. मला ते दिसलं आणि मी त्याचा फायदा घेतला. त्यानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, जबाब घ्यायला या म्हणून नायब तहसीलदारांना निरोप धाडला. साहेब मीटिंगला गेले होते. तेव्हा दहा वाजले होते. ते आले दीडच्या पुढं.

दाजी, म्हणजे तिचे मालक, दाराशी उभे होते. त्यांचेही तळवे भाजलेले. मला तो पुरावा वाटला. कशाचा, ते सांगायला नको. मी त्यांना बाहेर काढलं. "तुमच्यासमोर ती बोलणार नाही," मी म्हणाले. ते बाहेर गेले.

"आता सांग ताई, काय झालं?"

"कितींदा सांगू? इस्टोत राकेल वतत हुते, पदर पेटला. ह्येंनीच इझवलं."

"घाबरू नकोस. मी आहे ना."

"घाबरत न्हाई गं. दुखतंय."

हे मला ऐकू आलं होतं. मला ते बाईवरच्या दडपणाचं लक्षण वाटलं. पत्रकात तसंच लिहिलेलं होतं.

"ते सुईचं दे की मला."

"साहेब आले की लगेच."

"तुझा सायेब काय बैलगाडीतनं येतोय का?" असं म्हणून ती हसायला गेली, आणि ते हसणं अर्ध्यात मोडलं.

फरशी पुसणारी मावशी माझ्याकडं न बघता म्हणाली, "कागदाला भाजत न्हाई बाई. माणसाला भाजतं."

"मावशी, तुम्हाला कायद्यातलं कळत नाही."

"न्हाई कळत," ती म्हणाली आणि कापसाच्या ओल्या बोळ्यानं ताईचे ओठ पुसत बसली.

पुढं ताई बोलायची थांबली. धुरानं आवाज पार बसला होता, ओरडणंही बाहेर ऐकू जाईना. चादरीची कड दातात धरून ती ट्रेकडं बघत होती. माझ्याकडं नाही.

साहेब आले. प्रश्न झाले. तिनं पुटपुटत सकाळचंच सांगितलं, तसंच्या तसं. हाताचा अंगठा जळालेला, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. 'रुग्ण शुद्धीवर आहे' असं डॉक्टरनं लिहून दिलं. होतीच ती शुद्धीवर. साडेतीन तास, पूर्ण शुद्धीवर.

मग इंजेक्शन. तोवर शीर सापडेना. चार ठिकाणी टोचून झालं. शेवटी औषध गेलं आणि तिच्या दातांतून चादर सुटली.

पुण्याला हलवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिथल्या जळीत वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, अजून थोडा तोरा होता माझ्यात. त्या म्हणाल्या, "दुखणं कमी झालेला माणूस जास्त नीट बोलतो. बेतानं औषध द्यायचं, वेळ लिहायची, शुद्धीवर आहे ना ते तपासायचं आणि जबाब घ्यायचा. एवढंच होतं."

एवढंच होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकते. मी कुणाला विचारलं नव्हतं, हे खरं.

पुढं संघटनेत भांडून मी ते वाक्य काढायला लावलं. "ज्यांना खरंच पेटवतात त्यांचं काय?" असं मला विचारलं गेलं. त्यांना काय कमी दुखतं? 'आधी दुखणं थांबवा' असं नवं पत्रक घेऊन मी तालुक्यातले दवाखाने हिंडले. एका ठिकाणी डॉक्टर म्हणाले, "केस खराब होते मॅडम. तुमच्याच लोकांनी शिकवलंय," आणि भिंतीवर डकवलेलं जुनं पत्रक दाखवलं. मी ते नखानं खरवडून काढलं. सगळं निघालं नाही.

पण हे नंतरचं. त्याआधी दहाव्याला दाजी माझ्याजवळ आले. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली.

"तुमी हुता म्हनून बरं झालं. जबाब झाला, न्हाईतर मला आत टाकलं असतं." हात जोडायला गेले, ते नीट जुळेनात. मग आवाज खाली आणून म्हणाले, "येक इचारू? मला भाईर काढल्यावर... लई दुखलं का वो तिला?"

"नाही," मी म्हणाले. "इंजेक्शन लगेच दिलं होतं."

"मंग बरं," दाजी म्हणाले. आणि लोकांना जेवायला बसा म्हणून सांगायला निघून गेले.