शिट्टीआधीचा अंदाज

आप्पा फुटबॉलचा सामना कधीच पाहत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या कंपनीच्या बसमध्ये फुटबॉलवर त्यांच्याइतकं दुसरं कुणी बोलत नसे. हंगाम सुरू झाला, की कंपनीच्या आवारात बस उभी करून आप्पा मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसायचे. दोन्ही संघ रांगेनं बाहेर येतात, कुणी बुटाची नाडी बांधतो, कुणी गवताला हात लावून कपाळाला लावतो, कुणी उगाच उड्या मारतो. तेवढं आप्पा श्वास रोखून पाहायचे आणि पंच शिट्टी तोंडाशी नेतो न नेतो तोच मोबाईल खिशात टाकायचे.

“अहो आप्पा, आत्ता तर सुरू होतंय!”

“मग आता काय बघायचं? खेळ बघून काय, कुणीबी सांगंल. सांगायचं ते आधी.”

आणि मग त्या दीड-दोन तासांत हा माणूस एका जागी ठरत नसे. बसभोवती फेऱ्या मारणार, चारही चाकांना लाथ मारून हवा तपासणार, पुसलेली काच परत पुसणार. निकाल कळला, की तोंड वेडंवाकडं करून म्हणणार, “पोरगं बराबर व्हतं. टीमनं घात केला.”

आप्पा आमच्या बसचे ड्रायव्हर. दौंडहून निघून केडगाव, पारगाव, न्हावरे करत माणसं गोळा करायची आणि कारेगावजवळच्या आमच्या कारखान्यात आणून ओतायची, हे त्यांचं काम. मी क्वालिटी खात्यात. केडगावला चढायचो आणि हट्टानं त्यांच्या शेजारच्या केबिनमधल्या सीटवर बसायचो, कारण तिकीट न काढता पाहता येईल असं दुसरं नाटक या रस्त्यावर नाही.

त्यांचं हे शास्त्र दोन गावांच्या मिश्रणातून तयार झालेलं होतं. लहानपण गेलं दौंडला, रेल्वेच्या वसाहतीजवळ. तिथल्या मैदानावर रोज संध्याकाळी फुटबॉल चाले आणि आप्पा कडेला उभे राहून बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायचे. सुट्टी लागली, की रवानगी शिरूरकडच्या मामांकडे. मामा बैलगाडा शर्यतीचे नादिष्ट. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल सुटायच्या आधी मामा त्याच्या कानांकडे, नाकपुड्यांकडे, मागच्या पायांकडे पाहत आणि हा पळणार की अडणार ते सांगून मोकळे होत. मामांचं बहुतेक वेळा खरं ठरे. भाच्यानं ती नजर उचलली आणि थेट परदेशातल्या फुटबॉलपटूंवर बसवली.

दर हंगामाच्या तोंडावर न्हावऱ्याला चहासाठी बस थांबली, की आप्पा बसच्या पायरीवर उभे राहायचे. डाव्या हातानं दांडा धरलेला, उजवा हात सभेतल्या पुढाऱ्यासारखा वर. मग दोन घोषणा. पहिली ‘झटका टीम’, म्हणजे ज्यांना कुणी विचारत नाही आणि जे यंदा भल्याभल्यांना लोळवणार. दुसरी ‘यंदाची उसळी’, म्हणजे काल कुणाला माहीत नसलेला आणि उद्या सगळ्यांच्या तोंडी होणारा खेळाडू. परदेशी नावं त्यांच्या जिभेवर टिकत नसत. “ती हिरव्या पट्ट्याची टीम हाय बघा, तिचा गोलकीपर आत येताना जांभई देतो. ज्याला जांभई येती त्याला भ्या नस्तं. ही टीम झटका देणार, लिहून ठिवा!”

हिरव्या पट्ट्याची टीम त्या वर्षी तळाला गेली. ‘उसळी’ म्हणून ज्या कुरळ्या केसांच्या पोराला त्यांनी नावाजलं होतं, त्याला पहिल्याच सामन्यात लाल कार्ड मिळालं. त्याच्या पुढच्या वर्षी तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. आप्पांनी नाव घ्यावं आणि त्या माणसाचे ग्रह फिरावेत! आमच्यात घोष नावाचा एक वेल्डर होता, बंगालचा. फुटबॉल त्याच्या रक्तात. तो दर हंगामाआधी आप्पांच्या हातात चहाचा ग्लास देऊन हात जोडायचा. “आप्पा, चाय पियो, बिस्कुट खाओ, बस हमारी टीम का नाम मत लेना.”

“घाबरतो का रं? तुझ्या टीममधी दमच न्हाई, नाव घ्यायला!”

“बहुत मेहरबानी, आप्पा.” घोष मनापासून म्हणायचा.

आप्पांना एकच मुलगी, ऋतुजा. सगळी बस आप्पा म्हणायची, म्हणून तीही लहानपणापासून त्यांना आप्पाच म्हणायची. बापानं ज्या मैदानाच्या कडेला चेंडू आणून दिले, त्याच मैदानात ही मुलगी आत जाऊन खेळली. डावीकडून अशी सुटायची, की पाहणाऱ्याची मान दुखावी. शाळा झाली, कॉलेज झालं, जिल्हा झाला, राज्य झालं, आणि गेल्या वर्षी मुलींच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघानं तिच्याशी करार केला. त्या दिवशी बसमध्ये एवढे पेढे वाटले गेले, की दुपारी कॅन्टीनमधली आमटी तशीच राहिली.

आप्पा तिला शिबिरात सोडून आले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं. विचारलं तर म्हणाले, “जागा एक, पोरी दोन.” ऋतुजाच्याच डाव्या बाजूला खेळणारी झारखंडची एक मुलगी संघात होती, सुमंती तिचं नाव. दोघींना खोलीही एकच मिळाली होती. सामन्यात उतरणार मात्र एकच.

हंगामाच्या तोंडावर न्हावऱ्याला बस थांबली. त्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणी गेलंच नाही. सगळ्यांनी पायरीला गराडा घातला, दोघांनी मोबाईल उंच धरून चित्रीकरण सुरू केलं. आप्पा यंदा परदेशात जाणार नाहीत, घरचं नाव घेणार, याची खात्री होती. फक्त घोष डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता.

आप्पांनी दांडा धरला. हात वर गेला नाही.

“यंदाची उसळी,” ते म्हणाले, “सुमंती. झारखंडची. डाव्या बाजूची.”

एवढंच बोलून ते आत गेले आणि त्यांनी गाडी सुरू केली. आम्ही चहा न पिताच धावत बस पकडली. पारगावचा एक फिटर हळूच म्हणाला, “पोरीच्या बापानं असं करावं का राव?” तेवढ्यात मागून घोषनं टाळी वाजवली. “अरे, समझे नहीं? आप्पाने जिसका नाम लिया वो गया! बेटी का रास्ता साफ!” सगळी बस हसली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी ‘वा रे बाप’ म्हणालं. मी आप्पांकडे पाहिलं.

“आप्पा, खरंच तसं?”

“रस्ता बघू द्या, सर.” रस्ता मोकळा होता. तरीही त्यांनी हॉर्न दाबला.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत ऋतुजापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी आप्पा सांगत होते, पोरगी फोनवर रडली नाही, भांडलीही नाही. “बरं” एवढंच म्हणाली. “भांडली असती तर बरं व्हतं हो.”

आणि हंगाम सुरू झाला. अन् काय सांगू! आप्पांचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा खरा ठरला. सुमंती वाऱ्यासारखी सुटली. पहिल्या सामन्यात गोल, पुढच्यात दोन, ज्याला कुणी विचारत नव्हतं तो त्यांचा संघ वर वर चढू लागला. समालोचक तिच्या नावानं ओरडत होते. ऋतुजा राखीव खेळाडूंच्या बाकावर, अंगात पिवळं जाकीट घालून बसलेली.

आता गंमत पाहा. जो माणूस शिट्टीनंतरचा खेळ कधी पाहत नसे, तो शेवटच्या मिनिटापर्यंत मोबाईलला चिकटून बसू लागला. कारण एकच: कॅमेरा अधूनमधून बाकावर जातो. कधी जाईल ते सांगता येत नाही. घोषनं हौसेनं झेंडूचा हार आणला, “आखिर सही निकला, आप्पा!” म्हणत गळ्यात घालायला गेला. आप्पांनी हार हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि गिअरच्या दांड्यापाशी ठेवून दिला. त्या दिवसांत बस अशी काही धावे, की न्हावऱ्याचा चहा गरम मिळायच्या आत आम्ही कारेगावात. माणूस आतून धावत होता, आम्ही नुसते त्याच्यामागे बांधलेले.

एकदा इतर सगळे उतरल्यावर ते स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, “सर, घोष बोलला ते खरं हाय. मी नाव घेतलं ते बुडावं म्हणूनच घेतलं. शिबिरात दोघींना मैदानात येताना बघितलं. ती पोरगी सरळ पुढं बघत आली. आमची सारखी मागं बघत व्हती. म्हणलं, हिच्यात दम न्हाई. मग मीच काहीतरी कराया पायजे. कुणाच्या तरी लेकीचं वाईट चिंतलं मी. आन् देवानं बघा, कसं तोंडात मारलं.”

हंगाम संपला. ऋतुजा घरी आली, आणि सोबत सुमंतीला घेऊन आली. आप्पांच्या भावाची राहू गावाला शेती, झेंडू आणि शेवंतीची. तिथं जेवणाचा बेत ठरला आणि मलाही बोलावणं आलं. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीनं, मासवड्या केल्या होत्या. आप्पा दारातून आत, आतून दारात. कुणी पाणी मागितलं, की हेच धावणार, आणि रिकाम्या हातानं परत येणार.

सुमंती आली ती सरळ आप्पांपाशी गेली आणि त्यांच्या पाया पडली. लहानखुरी, सावळी, लाजरी मुलगी. मैदानावरची ती हीच, यावर विश्वास बसू नये.

“अंकल, वो व्हिडिओ मैं रोज देखती थी,” ती म्हणाली. “मेरे घर में सब बोले, तुझसे नहीं होगा, वापस आ जा. मैंने बैग भर ली थी. फिर आपने मेरा नाम लिया. अपनी बेटी को छोड़कर मेरा लिया! मैंने सोचा, ये आदमी झूठ नहीं बोलेगा.”

आप्पांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच हवेत. मला वाटलं, आता गप्प बसतील. कुणीही बसलं असतं. पण ते खाली बसले, अगदी जमिनीवर, आणि त्यांच्या त्या भयंकर हिंदीत बोलू लागले.

“बेटी, हम झूठ बोल्या. हमारा अंदाज कबी बी सच होता न्हाई. म्हणून तेरा नाम लिया. तू पडनी मंगताय, ऐसा सोचके लिया. हमारी लेक के वास्ते.”

काकूंच्या हातातलं ताट वाजलं. सुमंतीला पहिल्यांदा कळलंच नाही. कळल्यावर ती ऋतुजाकडे पाहू लागली. ऋतुजा पुढं आली.

“म्हंजी आप्पा, तुम्हाला वाटलं, मी हिच्याशी खेळून जिंकायची न्हाई? हिला नजर लावली तरच मला जागा मिळंल?”

“तसं न्हवं गं बाळ...”

“तसंच! कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांचं तोंडभरून बोलता. माझं एकदा तरी बोललात का?”

“काय बोलू?” आप्पा एकदम उसळले. “शिबिरात मैदानात येताना तू सारखी मागं बघत व्हतीस! ज्याला पळायचं तो मागं बघतो व्हय? मला भ्या वाटलं!”

ऋतुजा त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिनं सुमंतीला त्याचं हिंदी करून सांगितलं. सुमंतीनं तोंडावर हात धरला.

“अंकल, वो तो मुझे देखती थी,” ती म्हणाली. “मेरा पेट दुखता है मैच के पहले, डर से. मैं पीछे रह जाती थी. दीदी मुड़ के बोलती थी, चल, चल. दीदी नहीं देखती तो मैं बाहर ही नहीं आती.”

मागच्या झेंडूच्या रानात कुणीतरी पाण्याची मोटर चालू केली.  आप्पा उठले, अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि लेकीसमोर येऊन थांबले. 

“मला काय बी दिसत न्हाई गं,” ते म्हणाले. “मामाला दिसायचं. मी नुसताच बोलतो.”

“मग बोला की!” ऋतुजा म्हणाली.  “चुकलं तरी चालंल. पण माझं बोला.”

परवा नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी न्हावऱ्याला बस थांबली. ऋतुजाचा करार वर्षभरासाठी वाढलाय. जागा अजून एकच आहे आणि सुमंतीही तिथंच आहे. आप्पा पायरीवर चढले, हात असा वर गेला की टपरीवाल्यानंही स्टोव्ह बारीक केला, आणि त्यांनी लेकीचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, तिच्या पळण्यावर, तिच्या डाव्या पायावर, तिच्या मागं वळून पाहण्यावर ते इतका वेळ बोलले, की कारखान्यातून फोन आला. घोषचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो कळवळून म्हणाला, “आप्पा, ये क्या किया? अब उसका क्या होगा?”

“व्हईल ते व्हईल,” आप्पा म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. “तिनंच मागितलंय.”