देवाची उजवी

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मी पाहिला तेव्हा त्याचं पुढचं चाक सातारा जिल्ह्यात होतं आणि मागचं सोलापूर जिल्ह्यात. आमच्या कोरेगावात हे कोणाला पटत नाही. पण गुलालाचा धुरळाच असा उठला होता की जिल्ह्याची हद्द कुठं आहे, हे खुद्द कलेक्टरालाही सांगता आलं नसतं. लढाई संपून वर्ष झालं असेल. पेट्रोल अजून नशिबात नव्हतं, म्हणून आम्ही कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीतून आलो होतो. चढ लागला की उतारूंनी खाली उतरून मोटार ढकलायची. म्हणजे कोरेगावाहून म्हसवडला मोटार आमच्यामुळं आली, आम्ही मोटारीमुळं नव्हे.

बरोबर माझी थोरली बहीण तानूअक्का होती. तिचा एकुलता एक शंकर पलटणीत गेला आणि समुद्रापलीकडं कुठंतरी नाहीसा झाला. सरकारनं कळवलं ते एवढंच, ‘बेपत्ता’. मेला म्हणून पिंड द्यावा तर अक्का पिठाला हात लावू देईना. दर यात्रेला ती नाथापुढं पदर पसरायची आणि एकच विचारायची, माझं पोर कुठं हाय?

यंदा उत्तर मिळालं ते देवळात नव्हे, धर्मशाळेच्या ओट्यावर. मसूरकडचा एक शिपाई रजेवर आला होता आणि भोवती जमेल त्याला सांगत होता. आम्हीही टेकलो.

“मामा, म्हमईच्या इस्पितळात एक गडी हाय. तोंड भाजलंय. नाव सांगत न्हाई, गाव सांगत न्हाई. पर कुनाच्या हातनं थाळी पडून वाजली का झोपंत वरडतोय, ‘नाथसायबाच्या नावानं चांगभलं!’ आपल्याच वाटंचा हाय बगा.”

अक्कानं त्याचा दंड धरला. “कवा भेटल त्यो?”

“आत सोडत न्हाईत, आक्का. शुक्करवारी सकाळी इमानानं उत्तरंकडं न्हेनार हैत. तितल्या सुभेदारानं सांगितलंय, इमानतळावर कुनी वळकीचं आलं तर बगू. एकदा का इमान उडालं, मग कुनाचा पत्ता कुनाला.”

तो बुधवार होता. आता मुंबईचं विमानतळ गाठायचं कसं? एक वाट सरळ होती. मोटार ढकलत कोरेगाव, तिथून आगगाडीनं पुणं, पुण्याला गाडी बदलून मुंबई. दुसरी वाट माझ्या मनात होती, आणि ती आकाशातून जात होती.

तालमीतला माझा जुना जोडीदार रंगराव यात्रेत भेटला होता. तो युद्धात वैमानिक झाला होता. युद्ध संपल्यावर सरकारनं जुनी विमानं विकायला काढली, त्यातलं एक सांगलीकडच्या एका धनिकानं घेतलं आणि ते उडवायला रंगरावाला ठेवलं. माधवनगरच्या पुढच्या माळावर ते उभं असायचं.

“उद्या सकाळी मालकाच्या कामाला म्हमईलाच चाललोय की,” रंगराव म्हणाला. “दोन जागा हैत. चला, चा गार व्हायच्या आत उतरवतो. आनि सांगलीपातूर माजी मोटार हायच.”

मी तर मनानं तेव्हाच ढगात जाऊन बसलो. विमानतळावर विमानानं जायचं, याहून रीतसर काय असणार! नदीवर होडीनं जावं तसं. पण अक्का जमिनीला चिकटली.

“नाथाला इचारल्याबिगर मी हालनार न्हाई, रामा.”

मग कौल लावला. पद्धत अशी की देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं पाकळ्या चिकटवल्या, “इमानानं जाऊ द्याचं का, बाबा?” असं आमच्या वतीनं विचारलं, आणि तेवढ्यात बाहेर रथाचा दोर तुटल्याची आरोळी उठली. गुरव धावला. अक्का डोळे मिटून उभी होती. गाभाऱ्यात मी आणि समईची ज्योत. एवढी माणसं बाहेर ओरडत होती, तरी आत एक आवाज येईना. जणू कोणी दगडाचं दार लावलं होतं. आणि मग ती पाकळी खाली आली. पडली नाही, सावकाश घसरत आली, कोणी बोटानं ओढल्यासारखी. माझे डोळे तिच्यावरच होते.

“उजवी!” मी ओरडलो. “अक्का, उजवी दिली!”

रंगरावाच्या मोटारीतून आटपाडी, विटा, तासगाव असा मुलूख मागं पडत गेला. माणदेशचा माळ असा की त्यावर ससा धावला तरी धूळ दुसऱ्या दिवशी खाली बसते. विट्याच्या अलीकडं एका वस्तीवर बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) मिळालं. माडगं इतकं झणझणीत होतं की मला काही वेळ इंग्रजी येऊ लागलं. अक्कानं भाकरी हातात धरली, पण तोडली नाही.

माधवनगरला रंगरावाच्या घरी मुक्काम केला आणि गुरुवारी उजाडताच माळावर गेलो. धुकं होतं. मी धुकी पुष्कळ पाहिलीत. महाबळेश्वरला एकदा धुक्यात काठी रोवून तिच्यावर टोपी अडकवली होती, धुकं गेलं तरी टोपी तशीच. पण हे धुकं निराळं होतं. त्याला वास नव्हता, ओल नव्हती. विमान पुढ्यात उभं होतं, तर त्याचा एकच पंख दिसत होता. सूर्य आला तो झिजलेल्या चांदीच्या नाण्यासारखा, आणि वर चढत गेला तरी धुकं उठेना.

“उठंल की,” रंगराव म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता.

विमान उतरण्याच्या पट्ट्यावर मेंढरं होती. त्यांचा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा. सगळी मेंढरं एकाच दिशेला तोंड करून, एकही चरत नव्हतं.

“आवं पाव्हनं,” मी हाक दिली, “मेंढरं बाजूला घ्या की!”

“सकाळधरनं बगतोय,” धनगर म्हणाला. “हालंनात. काय तरी ऐकत्यात.”

आणि मग आम्हालाही ऐकू आलं. वर, धुक्यात, विमानाचा आवाज. घरघर करत एक घिरटी, मग दुसरी. खाली यायचा, अगदी डोक्यावर यायचा, की आता चाकं दिसणार म्हणून आम्ही मान खाली घालायचो, आणि पुन्हा वर जायचा. मी पंखाला हात लावून पाहिला. आमचं विमान जागच्या जागी गार पडलेलं. सबंध टापूत दुसरं विमान नव्हतं.

“रंग्या, तुझं इमान हितं, तू हितं. मग वर कोन हाय रं?”

रंगरावानं डोक्यावरची टोपी काढली. ब्रह्मदेशात दोनदा विमानासकट पडलेला गडी, पण टोपी हातात धरून तो देवळात उभं राहावं तसा उभा राहिला. आवाज आणखी एकदा डोक्यावरून गेला आणि विरला. विरला म्हणजे लांब गेला नाही. दिवा मालवावा तसा थांबला.

अक्का माझ्याकडं वळली. “रामा, पाकळी कुनाच्या उजव्या अंगाची पडली?”

“कुनाच्या म्हंजे? उजव्या.” मी माझा उजवा हात वर केला.

“आरं, देवाच्या का तुज्या?”

मी देवासमोर उभा आहे असं मनात आणून पाहिलं. देवाचं तोंड माझ्याकडं. माझं देवाकडं. माझा उजवा हात जिकडं, तिकडं देवाचा...

“मुडद्या!” अक्का म्हणाली. “देव काय तुला पाठ करून उबा हुता? तुजी उजवी ती त्याची डावी. त्यो नगं म्हनत हुता, आनि तू आमाला हितं आनलंस!”

वाचकहो, तो वर केलेला उजवा हात मी सावकाश खाली घेतला.

रंगरावानं समजूत घातली. “आक्का, आत्ता उठंल धुकं. गाडीनं पोचायला शुक्करवार उजाडंल. चुकामूक झाली तर?” ते खरंच होतं. विमान उडालं तर आज दुपारीच विमानतळावर हजर. गाडी एक जरी अडकली तर त्या गड्याचं तोंडही दिसायचं नाही. अक्का क्षणभर विमानाकडं पाहत राहिली. मग पदर खोचला आणि स्टेशनच्या वाटेला लागली. मी धावत मागं.

माधवनगरला पुण्याची गाडी मिळाली. बायकांच्या डब्यात अक्का, शेजारच्या डब्यात मी. मधल्या फळीला झरोका होता, त्यातून बोलता यायचं. गाडी निघाली, आणि माळावरचं धुकं एखाद्यानं गोधडी ओढून काढावी तसं उठलं. लख्ख ऊन! मला रडू यायचं बाकी होतं.

ताकारीला एक म्हातारी अक्काच्या डब्यात चढली. तिच्या मुठीत कागदाची पुडी होती. कराडला दोघी चढल्या. मसूरला आणखी एक, रहिमतपूरला तिघी. प्रत्येकीच्या हातात पुडी, नाहीतर पदराच्या टोकाला गाठ. कोणी गाठोडं आणलेलं नव्हतं, कोणी लेकुरवाळी नव्हती. बसायच्या आणि गप्प राहायच्या. आमच्या मुलखातल्या बायकांनी भरलेला डबा आणि त्यात एक शब्द नाही! त्यापुढं माळावरचा आवाज परवडला.

ज्या कोरेगावाहून आम्ही आधीच गाडी धरू शकलो असतो, ते आमचं कोरेगाव आलं. तिथं एक धनगरीण चढली. खांद्यावर घोंगडं, पाय धुळीनं पांढरे. माणदेशातून यात्रेच्या मोटारीत बसून आली असावी. तिच्या हातात काहीच नव्हतं.

मी झरोक्याला तोंड लावलं. “अक्का, ह्या समद्या कुठं चालल्यात गं?”

अक्कानं मागं पाहिलं नाही. “इचारू नगंस,” ती म्हणाली. “त्यांच्या हातात नाथाचा अंगारा हाय. त्या शिपायानं ओट्यावर काय आपल्या दोगानलाच सांगितलं हुतं?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एक भाजलेला गडी, आणि त्याच्या आया डबाभर.

शुक्रवारी सकाळी विमानतळाच्या कुंपणापाशी पोचलो. एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की तिथली विमानं रथाएवढी होती. पण मला एकच दिसलं, दार उघडं असलेलं. त्याच्या सावलीत एका खुर्चीवर तो बसला होता. अर्धा चेहरा कातडं सुकवावं तसा आवळलेला. उरलेल्या अर्ध्यात ज्याचं त्यानं आपलं माणूस शोधावं.

सुभेदार आपल्याच बाजूचा निघाला. बायकांची रांग पाहून त्यानं पगडी सारखी केली. “आवं आयांनो, एकाची आय एकच आसती. एकेकीनं या. खात्री आसंल तरच बोला. जी हो म्हनंल तिच्या सुपूर्द करनार.”

अक्का पहिली होती. ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याचा हात तिनं हातात घेतला, बोटं चाचपली, केसांत हात घातला. मला शंकरचं नाक दिसत होतं, शंकरची हनुवटी दिसत होती. खरं सांगतो, मला त्या माणसात जे हवं ते दिसत होतं. अक्काचे ओठ हलले. मग तिनं मागं वळून पाहिलं. रांगेतली एकही बाई हलत नव्हती. श्वास घेत असतील तर ऐकू येत नव्हता. अक्का किती वेळ तशी बघत राहिली कोण जाणे.

तिनं त्याचा हात परत त्याच्या मांडीवर ठेवला, कपाळाला अंगारा लावला आणि बाजूला झाली. “फुडच्या बाईला यिऊ द्या.”

ताकारीची म्हातारी आली, अंगारा लावून गेली. कराडच्या दोघी. मसूरची. प्रत्येक बाई बघायची, लावायची, सरायची. त्याचं कपाळ राखेनं करडं झालं. तो कोणाकडंच बघत नव्हता.

शेवटी ती धनगरीण. ती जवळ गेलीच नाही. लांब उभी राहून तिनं जीभ टाळ्याला लावली आणि एक आवाज काढला, कळप भलतीकडं चालला की माघारी वळवायला काढतात तो. तिथली यंत्रं थांबल्यासारखी वाटली. तो आवाज चढत गेला आणि तुटला. खुर्चीतल्या माणसानं मान वर केली. त्याचे आवळलेले ओठ हलले, आणि तोच आवाज आतून बाहेर आला. अगदी तोच. मग त्यानं म्हटलं, “आय, कोकरू ऱ्हायलं गं माघारी.”

कोणी रडलं नाही. धनगरणीनं खांद्यावरचं घोंगडं काढून त्याच्या अंगावर टाकलं आणि त्याला उठवलं. कुंपणापलीकडं रंगराव उभा होता. आदल्या दुपारीच सुखरूप उतरला होता.

परतीच्या गाडीत दोघी-तिघी पुन्हा आमच्याबरोबर होत्या. आता त्या बोलत होत्या, शेंगा फोडत होत्या, कोणाचा लेक कसा खट्याळ हे सांगत होत्या. सगळ्या पोरांबद्दल ‘हाय’ म्हणत होत्या. ‘हुता’ कोणी म्हणालं नाही. लोणंदला चहा घ्यायला उतरलो तेव्हा अक्काला एकटी गाठून मी म्हटलं, “अक्का, तू आधीच वळकलं हुतंस न्हवं, त्यो आपला न्हाई ते?”

तिनं कपातला चहा बशीत ओतला.

“न्हाई रं,” ती म्हणाली. “मला काय बी कळलं न्हवतं. इमानानं येकटीच फुडं आली आसते, तर माजाच म्हनून घिऊन आली आसते. आनि त्यो बी आला आसता. ती बिचारी मागनं गाडीनं येऊन मोकळी खुर्ची बगत बसली आसती.”

प्रवासात माणूस शहाणा होतो म्हणतात. मी कितपत झालो ते आमच्या गावाला विचारा. मला कळलं ते एवढंच की काही ठिकाणी लवकर पोचणं हीच चुकामूक असते. पण मी हे अक्काला बोललो नाही, कारण तेवढ्यात गाडीनं शिटी दिली आणि तिनं रिकामी बशी माझ्या हातात दिली.

“चल, रामा,” ती म्हणाली. “शंकर घरी आला आसंल तर दाराला कुलूप बगून परत जायाचा.”