डोक्यावरचा बॅनर

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. घरी नाही, पाळकसाहेबांना नाही. रविवारी चर्चमध्ये सगळी मंडळी मान खाली घालून आपापले अपराध कबूल करते, तेव्हासुद्धा नाही. तेथे आम्ही सर्व जण ‘आम्ही’ म्हणतो — आम्ही चुकलो, आम्ही भटकलो. ‘आम्ही’ म्हटले की माणूस किती सुखरूप राहतो, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का?

मी धाराशिवला कचेरीसमोर अर्ज लिहितो. दहावीला गणित आडवे आले आणि शिक्षण तेथेच थांबले, परंतु मसुद्याच्या बाबतीत भलेभले वकील माझ्याकडे माणूस पाठवतात, हे मी नम्रपणे नमूद करतो. लोक मला साहेब म्हणतात. त्या शब्दाची मला गोडी आहे. ती नसती तर पुढचे घडले नसते, असे मी म्हणणार नाही — ते निमित्त शोधल्यासारखे होईल. माझ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी ‘सबब विनंती’ असते. येथे ती नाही. शोधू नका.

माझे टेबल कंपाउंडच्या भिंतीला लागून आहे. चार बांबू आणि वर जुने तरट, ही माझी कचेरी. शेजारी युसूफभाईचा चहाचा गाडा. तो जवळच्या बेंबळी गावचा. सगळ्यांच्या आधी यायचा, झाडून घ्यायचा — माझ्या टेबलापुढचेही — आणि मी बसलो की न सांगता कमी साखरेचा चहा ठेवायचा. “साहेब, आज कुणाचं वाटोळं लिवायलाव?” असे रोज विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या वर्षी एका जयंतीचा भलामोठा बॅनर समोरच्या खांबाला बांधला होता. जयंती कोणाची, ते लिहीत नाही. नाव सर्वांना वंदनीय आहे. एका संध्याकाळी मी आवराआवर करत असताना वावटळ आली, दोर तुटले आणि बॅनर नालीच्या कडेला येऊन पडला. आजूबाजूला कोणी नव्हते. वंदनीय चेहरा चिखलात पडू नये म्हणून मी तो उचलला — असे लिहावेसे वाटते. खरे असे की कापड जाड होते, नवे होते, आणि माझे तरट विरले होते. मी बॅनर पुसला, छापील बाजू खाली घालून तरटावर अंथरला आणि बांबूंना बांधून टाकला. वरून कोरी पांढरी बाजू, खालून तरट. चेहरा मध्ये. यात अपमान करण्याचा हेतू नव्हता. हेतू सावलीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा घोळका आला. बॅनर नाही, म्हणजे कोणीतरी मुद्दाम फाडून नेला, असे त्यांच्यात ठरून गेले होते. काहींच्या हातात काठ्या होत्या. त्यांच्यातला पुढारी माझ्यापाशी आला, आणि — हे मला अजून टोचते — अदबीने बोलला. “साहेब, तुमी कायम इथंच असताव. कुणी काढला, सांगा.”

मला फक्त बोट वर करायचे होते.

का नाही केले? त्यांनी मला मारले असते का? कदाचित. कदाचित हसलेही असते — साहेबांनी बॅनर चोरून मांडव घातला म्हणून. आणि मला नेमकी कशाची भीती वाटली, काठीची की हसण्याची, हे मला आजही सांगता येत नाही. मी चष्मा नीट केला आणि म्हणालो, “युसूफभाई सगळ्यांच्या आधी येतो. त्याला विचारा.”

बस्. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मसुदा म्हणून निर्दोष.

पुढचे इतक्या झटकन झाले की आजही मला ते खरे वाटत नाही. पेनाला टोपण लावायलाही सवड मिळाली नाही. कोणी विचारलेच नाही त्याला काही. पोरांच्या रेट्याने गाडा हलू लागला तसा तो ओरडला, “अरं पोरांनो, दूध उकळायलंय! भाजंल तुमाला!” — तुम्हाला. त्याला त्यांची काळजी. आणि गाडा उलटला. दुधाचे पातेले त्याच्या उजव्या हातावर आले, कोपरापर्यंत. तो आवाज मी लिहू शकत नाही. दूध वाहत माझ्या टेबलाकडे आले आणि मी काय केले? खाली ठेवलेले कागद उचलून धरले, भिजू नयेत म्हणून.

गावात काही दिवस दुकाने बंद राहिली. मी बॅनर उतरवला नाही. उतरवला असता तर कोणाच्या तरी नजरेत आले असते. युसूफभाई हाताला पट्टी बांधून आला, तेव्हा त्याची तक्रार मी फुकट लिहून दिली. ‘अज्ञात इसमांनी गैरसमजातून’ असा शब्दप्रयोग केला. त्याच सावलीत बसून. त्याच्या डोळ्यांत पाणी आले — माझ्या उपकाराने.

आमच्या चर्चची मंडळी लहान आहे. कापणीच्या सणाला जो तो शेतातले, घरातले काहीतरी आणतो — ज्वारीची कणसे, भोपळा, कोंबडी — आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. रीत अशी की घेणाऱ्याने वस्तू घरी न्यायची नाही. परत द्यायची, म्हणजे पुन्हा बोली लागते. एकच भोपळा दिवसभर विकला जातो. त्या वर्षी पाळकसाहेबांनी जाहीर केले की लिलावाचे सगळे दान गावातल्या शांततेसाठी: युसूफभाईला नवा गाडा, आणि उरेल त्यातून सगळ्या वस्त्यांची एक पंगत. शेजारपाजारचे हिंदू शेतकरी आले, बौद्ध वस्तीतली माणसे आली. त्या घोळक्यातली दोन पोरेही मागे उभी होती. आणि लिलाव पुकारायला कोण? दरवर्षीप्रमाणे मीच. माझा आवाज खणखणीत आहे.

महिला मंडळाच्या सुमनमावशी पुढच्या बाकावरून म्हणाल्या, “साहेब, भोपळ्याला तारीख पे तारीख देऊ नका. बोली लावा!” सगळे हसले. मीही हसलो. खरोखर आनंदात होतो मी — हे वाचून तुम्हाला धक्का बसतो का? मला बसतो.

तेवढ्यात युसूफभाई उभा राहिला. त्याला पाहुणा म्हणून बोलावले होते. टोपी सारखी करत तो म्हणाला, “मंडळी, लई उपकार झाले. पन एक सांगू का? इचार करकरून आता मलाच वाटायलंय, पहाटं गाडा लावताना माझाच धक्का लागला आसंल त्या खांबाला, आन् बॅनर सुटून उडाला आसंल. आठवत तर न्हाय. पन झालं आसंल. नाहीतर एवढी पोरं उगाच कशाला चिडतील? तर मला माफी द्या.”

माझ्या हातात भोपळा होता. मी तेथे उभा होतो, सर्वांत पुढे, सर्वांत उंच, आणि सगळ्यांची नजर माझ्या दिशेने. याहून सोपी जागा देव माणसाला देतो का? पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली. मागची दोन पोरे रडत होती. निरपराध माणसाला सर्वांनी क्षमा केली. ‘आमेन’ माझ्याच आवाजात सर्वांत मोठे झाले.

मग मी म्हणालो, “पुढची बोली.”

गाडा आला. पंगत झाली. त्याची उजवी मूठ आता मिटत नाही; चहा डाव्या हाताने गाळतो. नवे गिऱ्हाईक हाताचे विचारते, तेव्हा तो सांगतो, “माझाच धक्का लागला होता बॅनरला.” पूर्वी ‘आसंल’ म्हणत असे. आता म्हणत नाही.

सणासाठी मंडळीने एक बॅनर छापला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘शांती असो’, खाली लिलाव पुकारणारा म्हणून माझे नाव. तो घेऊन सुमनमावशी टेबलापाशी आल्या. “तुमच्या डोक्यावरचं पार विरलंय साहेब. ते काढा, हे बांधा.” मी घाईघाईने म्हणालो, काढायला नको, वरूनच बांधू. दोर ओढायला माणूस हवा होता. युसूफभाई गाडा सोडून आला. एक टोक त्याने दातात धरले आणि डाव्या हाताने गाठ मारली — पक्की, वाऱ्याने न सुटणारी.

सावली आता दाट पडते. अर्जाला येणारे म्हणतात, साहेब, तुमच्याकडं लई गार हाय.

मी त्यांना बसायला सांगतो, आणि युसूफभाईला चहा सांगतो.