सदाच्या नावाचा घास

मंडळी, आज सर्वपित्री अमावस्या. सासूबाई गच्चीवर एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत कावळ्यांसाठी घास मांडत होत्या. मी शेजारीच बसून एक नॉर्वेची कादंबरी संपवली. फार वर्षांपूर्वी हरवलेल्या पोराच्या तपासाची; रोज थोडी थोडी सासूबाईंनाही सांगत होते. शेवट वाचून लेखकावर चिडलेच मी.

"घावलं का पोरगं?" सासूबाईंनी विचारलं.

त्या का विचारतायत, ते मला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचं कुटुंब मोहोळहून सोलापूरला आलं, आणि नवी पेठेच्या गर्दीत त्यांच्या धाकट्या भावाचा, सदाचा, हात सुटला. तो परत दिसलाच नाही. आईवडिलांच्या नावाचा घास त्या ठेवतात, सदाच्या नावाचा कधीच नाही. जिता असला तर?

खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "घावलं, आई. पण नुसती हाडं. तळ्याकाठी पुरलेली."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"आई हाय का त्याची?"

"आहे. म्हातारी झालीय."

"मग बरं झालं की. तिला घास तरी ठेवता येईल."

आणि त्या खाली निघून गेल्या.

आता तुम्हीच सांगा, त्या लेखकावर मी अजून चिडू का?