ट्रंकेतला बोलपट

परवा केडगावला चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरचा भपकारा आला आणि घास तोंडातच फिरला. अस्साच वास तिसगावात एका म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या ट्रंकेतून आला होता. बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा गाण्यांचा विनोदी सिनेमा, त्याच्या वडिलांच्या फिरत्या तंबू-सिनेमात चालायचा तो, म्हाताऱ्याने जपून ठेवला होता; रिळं चिकट, बुरशी धरलेली; फिल्म सडू लागली की असाच आंबूस वास सुटतो. "लई हसायची मानसं. दुसरीकडं कुटंच न्हाई हा. पुन्याला न्या, वाचवा," म्हातारा म्हणाला. पुण्याच्या संग्रहालयासाठी जुने सिनेमे शोधत हिंडणारा मी, नाकाला रुमाल लावून बाहेर आलो. दारात माझी आठच दिवसांची गाडी उभी होती. सीटला वास बसेल म्हणून "पुढच्या आठवड्यात टेम्पो आणतो" म्हणालो आणि गेलो तीन महिन्यांनी. म्हातारा वारला होता. पाखरं हाकायला लेकाने त्या फिती ज्वारीवर ताणल्या होत्या. "वाऱ्यानं वाजत्यात चांगल्या," तो म्हणाला. पुढे ती गाडी विकली, तेव्हा घेणाऱ्याने आत डोकं घालून खोल श्वास घेतला. "अजून नव्याचा वास येतोय की!" परवा प्लेट तशीच टाकून उठलो, घरी येईपर्यंत नाकात तोच नव्याचा वास होता.