एका पावतीवरची दोन हत्यारे

"दम खावया, मगे बगूया."

गंगाराम पाताडे हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणतो. काजूची गोणी बांधावर टेकवली की म्हणतो, वीज गेली की म्हणतो, थोरलीच्या लग्नाची बोलणी अडली तेव्हाही म्हणाला होता. पाव्हण्यांना वाटलं, माणूस बेफिकीर आहे. तो बेफिकीर नाही, दमलेला आहे. नांदगाव स्टेशनपासून डोंगराच्या अंगाला तासभर चाललं की आमची वाडी लागते, आणि त्या चढावर एकसष्टाव्या वर्षापर्यंत ओझी वाहिलेल्या माणसाचं दमणं कसं असतं, ते आम्हालाच ठाऊक. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आलेला आहे. त्या खांद्यावर बंदुकीचा पट्टा असायचा.

बंदूक ठासणीची, आजोबांच्या वेळची. शेताच्या राखणीसाठी सरकारने दिलेला परवाना आजाकडून बापाकडे आणि बापाकडून गंगारामकडे आला. नळीत दारू ओतायची, वर चिंध्या ठासायच्या, ठिणगीची टोपी लावायची आणि आकाशाकडे तोंड करून बार काढायचा. छर्रा त्याने कधी भरला नाही. चाळीस वर्षं बंदूक बाळगून त्याने कशावरही नेम धरला नाही. नुसत्या आवाजावर भात राखलं, काजू राखले. काजूच्या दिवसांत मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, झोपायचं, पहाटे माकडं उतरली की उठायचं. आता माकडंही सरावलीत. बार ऐकून ती मान वळवून बघतात, घरातलंच कोणी खोकलं असावं तशी.

पण त्या बंदुकीने त्याला एक मान दिला होता. निवडणूक जाहीर झाली की परवानेवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. इतरांना नोटीस जाते, मग पोलीस पाटील सांगायला जातो, मग ते कुरकुरत निघतात. गंगारामला आजवर एकदाही नोटीस आली नाही. सकाळी रेडिओवर तारीख ऐकली की दुपारी तो ठाण्याच्या ओट्यावर. निकाल लागला की पावती दाखवून बंदूक परत. त्या सगळ्या पावत्या राधाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत.

त्याची धाकटी मुलगी अपेक्षा. बारावीला आहे, बापासारखीच कमी बोलणारी. तिच्या कॉलेजच्या वाटेवर दत्तप्रसाद सरांची आंब्याच्या पेट्या भरायची जुनी शेड आहे. सर फौजेतून परत आले आणि त्यांनी त्या शेडमध्ये दहा मीटरची नेमबाजी सुरू केली. एका टोकाला कागदाची निशाणं, दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ. मुलं आठ, हवेचं पिस्तूल एक. त्याची मूठ एखाद्या पैलवानाच्या पंजासाठी घडवलेली. अपेक्षाची बोटं तिच्याभोवती पुरत नसत. तरी आठांत तिचा नेम पहिला. चतुर्थीनंतर सर स्वतः चढ चढून घरी आले.

"गंगारामभाऊ, जानेवारीत कोल्हापूरला निवड चाचणी आहे. तिथनं पुढे पुण्याची वाट आहे. पण स्वतःचं पिस्तूल हवं. उसन्या मुठीवर इथपर्यंतच येता येतं."

"कितक्याक पडता ता?"

सरांनी आकडे सांगितले. राधाबाई आत निघून गेली. गंगाराम म्हणाला, "दम खावया, मगे बगूया."

महिनाभर त्याने दम खाल्ला. मग मांगरामागची सागाची तीन झाडं विकली आणि मुलीला घेऊन कोल्हापूरची एस्टी पकडली.

दुकानदाराने काचेवर तीन पिस्तुलं मांडली. पहिलं परदेशी, निळसर, देखणं. "काका, हे दीड लाखाच्या वर जातं."

गंगारामने हात पाठीमागे घेतले. "ता थंयच रवांदे. हात लागलो तर पॉलिश जायत."

दुकानदार हसला. दुसरं देशी, नवीन, खाली हवेची नळकांडी लावलेलं. किंमत चाळीस हजारांच्या आसपास, शिवाय हवा भरायचा पंप वेगळा. तिसरं जुनं, परदेशी, कुणाचं तरी वापरलेलं, सोळा हजारांना. त्याला नळकांडी नव्हती. बाजूचा दांडा उघडून मिटला की एका गोळीपुरती हवा भरायची. "ज्याचं होतं तो पोरगा नोकरीला लागला," दुकानदार म्हणाला. "चीज चांगली आहे. फक्त प्रत्येक गोळीला दांडा ओढायचा. स्पर्धेतल्या साठ गोळ्यांना साठ वेळा."

"आबा, हात भरून येतलो," अपेक्षा हळूच म्हणाली.

"ठासणीक एक बार भरूक माका पाच मिनटां लागतत गो. तुका तर साठ मिळतले."

मग त्याने त्याच्या पद्धतीने पारख केली. मुलीला भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि सांगितलं, हात लांब कर, आणि मी सांगेपर्यंत खाली घेऊ नको. तो शेजारी स्टुलावर बसून स्वतःचे श्वास मोजू लागला. नव्या देशी पिस्तुलाचं तोंड बाराव्या श्वासाला झुकलं. जुनं विसाव्या श्वासालाही होतं तिथंच होतं. आधीच्या मालकाचा पंजा बारीक असावा, त्याने मुठीचं लाकूड घासून घासून सडपातळ केलं होतं. अपेक्षाची बोटं त्याच्याभोवती अशी बसली, जशी पिढ्यान् पिढ्या तिथंच बसत आली असावीत.  पिस्तूल खाली ठेवायला तिला वेळ लागला, आणि तेवढं बापाने पाहिलं.

"ह्यां द्या."

जुन्या मालाचं पक्कं बिल नसतं म्हणून दुकानदाराने चिठ्ठी लिहून दिली: 'जुने पिस्तूल एक, रक्कम मिळाली.' गंगारामने ती घडी करून परवान्याच्या पुस्तकात ठेवली.

दसऱ्याला त्याने पाट मांडला. पाटावर कोयती, विळा, पहार, ठासणीची बंदूक, आणि तिच्या शेजारी ते पिस्तूल. सगळ्यांना गंध, सगळ्यांना झेंडूचं फूल, सगळ्यांना नारळाचं पाणी. राधाबाई म्हणाली, "ह्या खेळण्याक कित्या हळदकुंकू?" तो म्हणाला, "खेळणां न्हय. घरातलां हत्यार आसा." त्या दिवसापासून त्याच्या मनात दोन्ही हत्यारं एका रांगेत बसली. पुढे जे झालं, ते त्या पाटावर सुरू झालं.

जानेवारीत झेडपीची निवडणूक जाहीर झाली, कोल्हापूरची निवड पाच दिवसांवर असताना. अपेक्षा कॉलेजात होती. गंगारामने बंदूक खांद्याला लावली, पिस्तुलाची पेटी काखेत घेतली, आणि नेहमीप्रमाणे नोटिशीच्या आधी ठाण्यात हजर झाला. टेबलावर नम्रता नावाची नवी पोलीस शिपाई होती, रुजू होऊन तीन महिने झालेली. तिने परवाना पाहिला, चिठ्ठी वाचली, पेटी उघडून बघितली, आणि रजिस्टरमध्ये एकाखाली एक लिहिलं: ठासणीची बंदूक एक, पिस्तूल एक. त्याने सही केली. काम वेळेवर झाल्याचं समाधान घेऊन तो चढ चढला.

संध्याकाळी अपेक्षा सरावाला निघाली आणि कपाट उघडून तशीच उभी राहिली.

"आबा, पेटी खंय?"

"ठाण्यात. निवडणूक लागली मां. ही बघ पावती."

तिने पावती वाचली. पुन्हा वाचली. "आबा, तेका परवानोच लागना नाय. ता हवेचां. ता कोण जमा करूक सांगीत नाय."

राधाबाई चुलीकडून म्हणाली, "पोलिसांका बोलवूक येवचा लागना नाय, हो आपणच जाता! घेवा आता मान!"

गंगाराम बाहेर आला. अंगणाच्या पायरीवर बसला. मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं, पण तीही पायरीवर येऊन बसली, आणि दोघं समोरच्या काजूंकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला. नम्रताला चूक कळली, तिचा चेहरा उतरला. पण हवालदाराने मान हलवली. "एका पावतीवर दोन हत्यारं आहेत. एक परत द्यायचं म्हणजे पावती रद्द, आणि ते साहेबांच्या सहीशिवाय होत नाही. साहेब बंदोबस्तावर. आणि तुमच्या चिठ्ठीत नुसतं 'पिस्तूल' लिहिलंय. हवेचं आहे हे मी कशावरून मानू?"

तो सरांचं पत्र घेऊन तिसऱ्या दिवशी गेला. साहेब नव्हते. चौथ्या दिवशी गेला. बाकावर बसून राहिला. नम्रता येता-जाता विचारायची, "काका, किती वेळ बसाल?" आणि तो म्हणायचा, "दम खावया, मगे बगूया." त्या बाकावर बसून त्याचं दमणं जास्त दिसू लागलं होतं. शेतात ते हालचालीत लपायचं.

पाचव्या दिवशी, शनिवारी, अपेक्षाला निघायचं होतं. निवड रविवारी सकाळी. पहाटे सर जीप घेऊन नाक्यावर आले. शेडमधलं थोराड मुठीचं पिस्तूल त्यांनी सोबत घेतलं होतं, मुठीला सुती पट्टी गुंडाळलेली. अपेक्षाने ते हातात धरून पाहिलं आणि परत पेटीत ठेवलं.

"आबा, तुमी ठाण्यात जाव नकात. आता ह्याच बरां."

बाप मान खाली घालून उभा होता. तिने त्याच्या कलत्या खांद्यावर हात ठेवला. "दम खावया, मगे बगूया," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते वाक्य ऐकून त्याला ते पहिल्यांदा जड वाटलं, असं त्यानेच नंतर मला सांगितलं.

जीप वळणाआड गेली. तो घराकडे न वळता ठाण्याच्या दिशेने चालू लागला.

साहेब अकराला आले, तीन रात्री न झोपलेल्या डोळ्यांनी. नम्रताने त्यांनी चहा घेण्याआधीच पेटी समोर ठेवली. साहेबांनी पिस्तूल उचललं, दांडा उघडून मिटला, खिडकीबाहेर नळी धरून चाप ओढला. फुस्स झालं.

"हे तर हवेचं आहे. काका, हे आणलंत कशाला?"

"हत्यार आसा, साहेब. दसऱ्याक पूजा केलली."

 हसावं की काय करावं, हे साहेबांना ठरवता आलं नसावं. मग त्यांनी जुनी पावती आडवी छेदली, सही केली, आणि म्हणाले, "बंदुकीची नवी पावती करा. निकालानंतर घेऊन जा नेहमीसारखी."

गंगाराम कोपऱ्यात उभ्या केलेल्या बंदुकीकडे बघत होता. "साहेब, ती कायमची ठेवची झाली तर?"

"परवाना परत करायचा? अर्ज द्यावा लागेल. पण एकदा गेलेला परवाना पुन्हा मिळणं कठीण. विचार करून सांगा."

"विचार झालो. माकडां आता भियत नाय. आणि माझ्यानय आता पहाटेचां उठवत नाय."

नम्रताने कागद दिला. त्याने अर्ज सांगितला, तिने लिहिला, त्याने सही केली.  बंदुकीजवळ तो गेला नाही.

पिस्तुलाची पेटी त्याच्या हातात देताना नम्रता ऑफिसची भाषा विसरली. "काका, बसा वायच. चाय सांगतंय. पाच दिवस झाले, तुमीच म्हणतास मां, दम खावया म्हणान."

"आता नको गो. एकाची एस्टी गावली तर काळोख पडायच्या आत कोल्हापुराक पोचान. तिका आज रात्री मूठ हातात धरूक व्हयी. हाताक वळख पटाक व्हयी."

तो पायऱ्या उतरला. नम्रता त्याच्यामागोमाग फाटकापर्यंत आली. हायवेच्या कडेने तो चालला होता, पेटी डाव्या काखेत. अधूनमधून त्याचा उजवा हात खांद्याकडे जायचा, घसरलेला पट्टा वर ओढायला, आणि तिथं काही न सापडून परत खाली यायचा. आंब्याच्या झाडापाशी, जिथं सगळे टेकतात, तिथं त्याची चाल मंदावली. तो टेकेल असं तिला वाटलं. तो टेकला नाही. लांबून लाल एस्टी दिसली तसा त्याने हात वर केला आणि उरलेलं अंतर, त्या वयाला जमेल तेवढं, धावत गेला.

नम्रता फाटकाची कडी धरून, एस्टी वळणाआड जाईपर्यंत बघत होती. आत हवालदार तिला दोनदा हाका मारून थकला होता.